‘नंतर’ नावाचा कप्पा

मेलेल्याची बातमी चार घरं फिरून येते, अडकलेल्याची कुणालाच लागत नाही. श्वास चालू आहे, डोळे उघडे आहेत, पण हाक मारली तर ओ नाही, अशी गत माणसाची झाली तर निदान घरचे धावाधाव करतात. यंत्राची झाली तर? त्याच्या कपाळावरचा हिरवा दिवा तसाच जळत राहतो आणि येणारेजाणारे म्हणतात, चाललंय की!

त्या इस्पितळाच्या तळघरात असा एक प्रोग्राम होता. पडद्यामागे राहून, कुणाला न दिसता राबणारा. काम एकच. वरच्या मजल्यावरच्या लॅबमध्ये रक्त तपासून झालं की रिपोर्ट उचलायचा आणि ज्या वॉर्डाचा असेल त्या वॉर्डाच्या पडद्यावर नेऊन ठेवायचा. सगळे त्याला निरोप्या म्हणत. निरोप्या कामसू, पण त्याला एक खोड लागली होती. मधेच बसायचा. चढावर बैल बसावा तसा. मेला नाही, आजारी नाही, नुसता बसलेला. ज्यांनी तो लिहिला होता ती मंडळी कधीच दुकान गुंडाळून गेली होती, त्यामुळे दाद मागायची तर कुणाकडे?

त्याला उठवणाऱ्या माणसाचं खरं नाव पगाराच्या कागदावर असेल तेवढंच. बाकी सगळे त्याला तळघरभाऊ म्हणत.

“काय हो तळघरभाऊ,” सिस्टर लोक जिन्यात भेटल्या की विचारत, “वर ऊन आहे की पाऊस, एवढं तरी कळतं का तुम्हाला?”

“कळतं ना. तुम्ही चिडून खाली आलात की समजायचं, पाऊस आहे.”

निरोप्या जे करी ते एका फाइलीत ओळीओळीनं लिहीत जाई. अमक्याचा रिपोर्ट घेतला. अमक्या वॉर्डाला दिला. घेतला, दिला, घेतला, दिला. या फाइलीला लॉग म्हणतात. तो वाचून वाचून भाऊच्या डोळ्यांना अशी सवय झाली होती की नुसत्या ओळी वर सरकण्याच्या चालीवरून तो म्हणे, आता बसणार बघा. आणि बसे. मग भाऊ शेवटची ओळ बघायचा. ‘घेतला’ लिहिलेलं असे, ‘दिला’ नसे. भाऊ टेबलावरचा फोन उचलायचा. “सिस्टर, तुमच्या त्या कोपऱ्यातल्या आजोबांचा रिपोर्ट माझ्याकडे अडकलाय. लॅबला विचारून घ्या जरा.” एवढं सांगून तो अडलेला रिपोर्ट बाजूला काढायचा, कारण तो वाटेत राहिला तर निरोप्या उठून परत तिथेच बसणार. बाजूला म्हणजे एका कप्प्यात. कप्प्याला त्यानं नाव दिलं होतं ‘नंतर’. सवड मिळाली की नंतर बघू, हे का अडकतात ते. मग निरोप्याला बंद करून पुन्हा सुरू करायचा. झालं.

‘नंतर’ हा शब्द मोठा लबाड. त्यात नकार नाही, पाप नाही. देवाच्या दारातही माणूस हाच शब्द घेऊन उभा असतो आणि देव बिचारा दर वेळी हो म्हणतो. रिपोर्ट उघडून बघायची भाऊला मनाई होती असं नाही, पण दुसऱ्याच्या रक्तातलं आपण कशाला वाचायचं, या भिडेनं तो कधी वाचत नसे. त्याला नाव, वॉर्ड आणि अडकल्याची ओळ, एवढंच ठाऊक.

बायकोला अर्धांगाचा झटका आला तेव्हा हे बदललं.

उजवी बाजू गेली, वाचा गेली, आणि गिळणं अवघड झालं. पातळ केलेलं अन्नही ती पटकन गिळायची नाही. तोंडात धरून बसायची, आणि घाई केली की ठसका लागून जीव घाबरा व्हायचा. भाऊला एक युक्ती सापडली होती. घास दिल्यावर तिच्या हनुवटीखाली दोन बोटं ठेवायची, अगदी हलकी, आणि काहीबाही बोलत राहायचं. बोटांखाली गळा हलला की पुढचा चमचा. एका वाटीला तासभर लागे. सकाळचं आणि संध्याकाळचं तिची धाकटी बहीण बघायची. भाऊची ही मेहुणी त्याच इस्पितळाच्या लॅबमध्ये कामाला होती आणि बहिणीच्याच घरात वरच्या खोलीत राहायची. दुपारी मात्र लॅबमध्ये नमुन्यांची रास पडलेली असे, तिला जागचं हलता येत नसे. दुपार भाऊची. आणि निरोप्याला बसायची हुक्की बहुतेक वेळा नेमकी दुपारी यायची.

भाऊ घरी घास भरवत असला की खिशातला फोन वाजायचा. “अहो, तासाभरापासून एक रिपोर्ट नाही!” मग वाटी अर्धी टाकून पळत यायचं. अर्ध्या वाटीवर राहिलेली बायको त्याच्याकडे बघायची. रागानं बघती तरी बरं होतं. तशी ती बघायची नाही.

एका सुट्टीच्या दिवशी भाऊ तळघरात बसला आणि त्यानं एक स्क्रिप्ट लिहिली. स्क्रिप्ट म्हणजे संगणकाला घालून दिलेली शिस्त: हे बघ, असं झालं तर तसं कर. यानं सांगितलं, लॉगवर नजर ठेव. काही मिनिटं नवी ओळ उमटली नाही तर समज, निरोप्या बसला. मग त्याला बंद कर, अडलेला रिपोर्ट ‘नंतर’मध्ये सरकव, पुन्हा सुरू कर. या स्क्रिप्टला त्यानं राखणदार म्हटलं. दुसऱ्या दिवशी निरोप्या बसला, राखणदारानं उठवला, आणि भाऊला हे कळलं ते घरून परत आल्यावर. वाटी संपलेली होती.

अधीक्षक डॉक्टरांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. घरी मेहुणी म्हणाली, “भाऊजी, आता तुमचं काय काम उरलं तिथे? पंख्याखाली बसायचं?”

“तुझ्या रिपोर्टांना खांदा द्यायला माणूस ठेवलाय मी. दुवा दे.”

“खांदा कसला देताय, शुभ बोला!”

दोघं हसली. बायकोचाही ओठ डाव्या बाजूनं हलला, असं भाऊला वाटलं.

राखणदाराला त्यानं सगळं शिकवलं होतं. फोन तेवढा शिकवला नव्हता, कारण फोन हे काम आहे असं त्याच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. निरोप्याला उठवायचा पगार मिळे. फोन तो माणुसकीनं करी, आणि माणुसकी कुणी कामाच्या यादीत लिहीत नाही.

पुरुषांच्या वॉर्डात खिडकीजवळच्या खाटेवर एक शिंपी होता. मूत्रपिंडं थकलेली, पाय सुजलेले, पण हाताला चैन नाही. वॉर्डाच्या पडद्यांची उसवलेली दुमड त्यानं खाटेवर बसल्या बसल्या शिवून काढली होती. मोठ्या सिस्टर, म्हणजे त्या वॉर्डाच्या प्रमुख, त्याला रागवायच्या. “सुई ठेवा खाली. टोचली तर मला जबाब द्यावा लागेल.” तो म्हणायचा, “बाई, सुई मला चाळीस वर्षं ओळखते. तुमची सुई टोचते तशी ती टोचत नाही.”

एका सकाळी त्याचं रक्त घेतलं, आणि दुपारी तो बोलता बोलता गेला. रक्तात पोटॅशियम इतकं चढलं होतं की हृदय कोणत्याही क्षणी थांबावं. त्यावरचं औषध वॉर्डाच्याच कपाटात होतं, हात लांब केला तर मिळेल असं. पण आकडा वॉर्डात कुणाला माहीतच नव्हता.

चौकशी बसली. अधीक्षकांच्या खोलीत मोठ्या सिस्टर, लॅबतर्फे मेहुणी, आणि भाऊ. दाराजवळच्या खुर्चीवर शिंप्याची बायको, पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसलेली.

“लॅबनं रिपोर्ट पाठवला?” अधीक्षकांनी विचारलं.

“पाठवला, साहेब. रक्त आल्याआल्या लावलं, आकडा बघून मीच घाबरले. तातडीचा शेरा मारून लगेच पाठवला.”

“फोन नाही केला?”

मेहुणीचा चेहरा पडला. “फोन बंद करायला आपणच सांगितलं होतं. निरोप्या आहे तर दोनदा कशाला, म्हणून.”

अधीक्षकांनी तो विषय ओलांडला. “सिस्टर?”

“माझ्या पडद्यावर आला नाही, साहेब.”

“आला नाही, की तुम्ही पाहिला नाही?”

“आला नाही.” पण हे सांगताना त्यांचा आवाज किंचित हलला.

अधीक्षक भाऊकडे वळले. “निरोप्या बंद होता त्या दिवशी?”

भाऊला काय ठाऊक? राखणदार बसवल्यापासून त्याच्याकडे एकही तक्रार आली नव्हती. त्यानं सरळ मनानं सांगितलं, “एक क्षणही नाही, साहेब. सबंध दिवस चालू.”

झालं. लॅबनं पाठवला, निरोप्या चालू होता, मग राहिले कुणाचे डोळे? खोलीतल्या सगळ्यांच्या नजरा एका पांढऱ्या टोपीवर जाऊन थांबल्या. अधीक्षक म्हणाले, “सिस्टर, उद्या दुपारपर्यंत लेखी द्या. शांतपणे आठवून द्या.” शांतपणे या शब्दाचा अर्थ सगळ्यांना कळला. चूक कबूल केली तर नोकरी जाईल, निवृत्तीचे पैसे वाचतील. नाही केली तर दोन्ही जातील.

तेवढ्यात दाराजवळून शिंप्याची बायको म्हणाली, “आला नाही म्हणता, पाठवला म्हणता. मग गेला कुठे?”

तिचा आवाज चढलेला नव्हता. शिवायला टाकलेलं कापड मागावं, तसा तिनं प्रश्न विचारला. अधीक्षकांनी पंख्याचं बटण उगाच फिरवलं.

हा प्रश्न भाऊच्या पाठी लागला. जेवताना लागला, बायकोची उशी सारखी करताना लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो तळघरात गेला, खुर्ची पुढे ओढली आणि त्या दिवसाचा लॉग उघडला.

घेतला, दिला, घेतला, दिला. सरळ रांग. मग शिंप्याचं नाव. घेतला. त्यानंतर दिला नाही. त्याखाली राखणदाराची ओळ: बसला होता, उठवला. त्याखाली पुन्हा घेतला, दिला, जणू काही झालंच नाही.

भाऊनं ‘नंतर’ उघडला.

कप्पा भरलेला होता. एकाखाली एक नावं, सबंध पडदा भरून. सरकवलं तर खाली आणखी. सगळ्यात वर आज सकाळचंच एक होतं. कुणाच्याही रक्तात डोकावायचं नाही हा नेम भाऊनं त्या दिवशी मोडला. शिंप्याचा रिपोर्ट उघडला. नाव, उभी रेघ, वॉर्ड, उभी रेघ, आकडा, उभी रेघ. निरोप्याची हीच बोली. एक रकाना संपला की उभी रेघ, म्हणजे पुढचा रकाना आला. आणि शेवटी मेहुणीचा शेरा:

|| तातडीने पाहा ||

भाऊनं दुसरा उघडला. || ताबडतोब कळवा ||. तिसरा. || जिवाला धोका ||. रेघा नसलेला एकही नव्हता. साध्या रिपोर्टांना शेराच नसे, ते भराभर जात. शेरा फक्त धोक्याच्या रिपोर्टांना. आणि शेऱ्याची शेवटची रेघ दिसली की निरोप्याला वाटे, अजून एक रकाना येतोय. तो थांबे. जो रकाना कुणी लिहिलाच नाही, त्याची वाट बघत ताटकळत बसे. सगळे त्याला आळशी म्हणत होते, आणि तो बिचारा आज्ञा पाळत होता.

निरोप्याला ही खोड कधी लागली, तेही भाऊला आता आठवलं. लॅबचे फोन बंद झाले त्या सुमाराला. तेव्हापासून जितके धोक्याचे रिपोर्ट अडकले, तितके वॉर्डात पोचले ते भाऊच्या तोंडून. आणि राखणदार आल्यापासून एकही पोचला नाही. सगळा कचरा राखून दाणा तेवढा फेकून देणारी चाळणी त्यानं स्वतःच्या हातानं बसवली होती, वर पाठ थोपटून घेतली होती.

त्यानं आधी राखणदार बंद केला. मग जिना चढून लॅबकडे निघाला.

मेहुणी लॅबमध्ये बाटल्यांवर नावं लिहीत होती. भाऊला दारात बघून म्हणाली, “अरे वा, पाताळातले राजे वर! आज सूर्य कुठून उगवला?”

“तू शेऱ्याला दोन्हीकडून रेघा का देतेस गं?”

“त्या होय? फोन बंद केले ना साहेबांनी. म्हटलं, इतक्या आकड्यांच्या गर्दीत सिस्टरांच्या डोळ्यात भरायला हवं. शाळेत आमच्या बाई सांगायच्या, देवाचं नाव असो की जपून ठेवायचं काही, दोन रेघांच्या मधे लिहावं. वेगळं दिसतं. का? वाईट दिसतं का?”

भाऊनं सांगितलं. कमी शब्दांत सांगितलं, पण काही वगळलं नाही. ती ऐकताना लिहीतच होती. कुणाच्या तरी नावातला काना देता देता तिचा हात थांबला. उभी रेघ अर्धी उतरली आणि तिथेच राहिली.

“म्हणजे मी ज्यांच्यासाठी ओरडले...” ती म्हणाली.

“तू ओरडलीस. तोंड मी दाबलं. मी फोन करायचो, तो फोन मी स्क्रिप्टमध्ये घातला नाही.”

लॅबमधलं मोठं यंत्र घरघरत नमुने फिरवत होतं. मेहुणीनं त्याच्याकडे पाठ केली. मग एकदम वळून, दबक्या आवाजात म्हणाली, “भाऊजी, कुणाला माहीत आहे हे?”

“तुला आणि मला.”

“कप्पा पुसता येतो?”

“एका बोटानं.”

“मग पुसा.” तिचे डोळे भरले होते, पण आवाज कोरडा होता. “मला वाईट म्हणायचं तर म्हणा. सांगितलं म्हणून शिंपी उठून बसणार आहे? तुमची नोकरी गेली तर औषधं कुठून आणायची? माझी गेली तर? ताईला घास कोण भरवणार, मोठ्या सिस्टर येणार आहेत?”

ती खोटं बोलत नव्हती. भाऊ म्हणाला, “त्या कप्प्यात सगळेच शिंपी नाहीत गं. वर आज सकाळचा आहे. कालचे आहेत. त्यांतले काही अजून खाटेवर असतील. चहा पीत बसले असतील.”

मेहुणीनं पेन खाली ठेवलं. तिनं अंगातला पांढरा कोट काढला आणि खुर्चीच्या पाठीवर टाकला.

“मी अर्धा दिवस घेते. ताईकडे मी जाते आज.”

“हनुवटीखाली दोन बोटं. घाई करायची नाही.”

“माहीत आहे मला, माझी बहीण आहे ती,” असं म्हणून ती डोळे पुसत निघाली. मग दारातून परत आली. “तिच्याशी बोलता काय तुम्ही भरवताना?”

“काहीही. इस्पितळातल्या गमती.”

“आज कोणती सांगू?” तिनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता गेली.

अधीक्षकांनी सगळं ऐकून घेतलं. माणूस दुष्ट नव्हता. मधे त्यांनी चष्मा काढून कपाळ दाबलं, एकदा “अरे देवा” म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले. मग उठून त्यांनी दार लावलं.

“आणखी कुणाला बोललात?”

“मेहुणीला.”

“तिथेच थांबवा. नीट ऐका. शेऱ्यातल्या रेघा आजपासून बंद. कप्प्याला कुलूप. जे पेशंट अजून इथे आहेत त्यांचं रक्त उद्या सकाळी सरसकट पुन्हा तपासू. सगळ्यांचंच तपासू, म्हणजे चर्चा होणार नाही.”

“उद्या कशाला, साहेब? आकडे आत्ता आहेत माझ्याकडे.”

“आणि वॉर्डात विचारलं, हे कुठून आले, तर? बाहेर घरच्यांची रांग लागेल. इस्पितळ बंद पडलं तर उद्याच्या पेशंटांनी कुठे जायचं? तुम्ही एका बाजूनं बघताय, मला सगळीकडून बघावं लागतं.”

“आणि मोठ्या सिस्टर?”

अधीक्षकांनी टेबलावरचा एक कागद बोटानं थोडा पुढे सरकवला. “त्यांचं लेखी आलंय. पाहण्यात चूक झाली, असं त्यांनीच लिहून दिलंय. आज चार्ज देतायत. त्यांनी मान्य केलंय म्हटल्यावर आपण काय बोलायचं?”

“न केलेलं कसं मान्य केलं त्यांनी?”

“ते त्यांना ठाऊक,” अधीक्षक म्हणाले. “बसा. पाणी घ्या. तुमच्या घरची परिस्थिती मला माहीत आहे, भाऊ. तुमच्या नोकरीला मी धक्का लागू देणार नाही. माझा शब्द.”

हा शब्द त्यांनी पाळलाही असता. भाऊनं पाणी घेतलं, पेला जपून जागेवर ठेवला, नमस्कार केला आणि जिना उतरून तळघरात आला. शूर तो कधीच नव्हता. आयुष्यात त्यानं साहेबाचा शब्द मोडला नव्हता, आणि आता मोडायचा तर देवानं दुसरा कुणी धीट माणूस निवडायचा होता. पण तळघरात दुसरं कुणी नव्हतं.

त्यानं दाराला आतून कडी घातली, ‘नंतर’ उघडला आणि फोन ओढून घेतला. वरून खाली यायचं त्यानं ठरवलं. जिवंत असतील ते वर असतील.

“मुलांचा वॉर्ड? मी तळघरातून बोलतोय. आज सकाळी रक्त घेतलेली मुलगी, दारासमोरच्या खाटेवरची. साखर वाचतो, लिहून घ्या.” त्यानं आकडा वाचला.

“किती?” पलीकडची सिस्टर ओरडली. “परत सांगा! अहो, ती झोपलीय म्हणून आम्ही उठवलं नाही...” फोन टेबलावर आपटल्याचा आवाज, मग धावती पावलं, मग कुणाच्या तरी नावानं मारलेल्या हाका. भाऊ कानाला फोन लावून बसला. बऱ्याच वेळानं कुणीतरी धापा टाकत म्हणालं, “आहे. उठली. सलाईन लावलंय. ठेवते.”

भाऊनं कपाळ टेबलाला टेकलं. मग पुढचं नाव.

बायकांच्या वॉर्डातली घरी गेली होती. “बरी होऊन?” त्यानं विचारलं. “बरी म्हणजे, पाठवली. रिपोर्ट काही नव्हता ना हातात.” “तिच्या घरी फोन करा, आत्ता.” पुढचा घरी गेला होता. त्यापुढचीचं नाव ऐकल्यावर पलीकडे कुजबुज झाली, मग एक हळू आवाज म्हणाला, “भाऊ, ती गेली. गेल्या आठवड्यात. का हो?” “मी परत फोन करतो,” एवढंच भाऊ म्हणाला आणि त्या नावाशी बोट ठेवून बसून राहिला. मग बोट खाली सरकवलं.

दारावर थाप पडली. अधीक्षकांचा शिपाई होता. “भाऊ, साहेब बोलावतायत! कुणाकुणाला फोन करताय म्हणे? दार उघडा!”

“येतो म्हणावं.”

“आत्ता बोलावलंय!”

भाऊनं पुरुषांच्या वॉर्डाचा नंबर लावला. फोन मोठ्या सिस्टरांनीच उचलला.

“मी तळघरातून, सिस्टर.”

“बोला. लवकर बोला भाऊ, चार्ज देतेय मी. किल्ल्या मोजून द्यायच्यात.”

“तुमच्या वॉर्डाचे रिपोर्ट आहेत. अडकून राहिलेले. वाचतो.”

“वाचा.”

पहिला अजून वॉर्डात होता. त्यांनी आकडा ऐकला, फोन न ठेवता कुणाला तरी इंजेक्शनाचं नाव ओरडून सांगितलं आणि म्हणाल्या, “हं, पुढे?” दुसरा घरी गेलेला. “पत्ता आहे माझ्याकडे, कळवते. पुढे?”

पुढचं नाव भाऊसमोर होतं. दारावरची थाप वाढली होती.

“खिडकीजवळची खाट,” तो म्हणाला.

त्यानं शिंप्याचं नाव वाचलं, पोटॅशियमचा आकडा वाचला, आणि मग शेरा, जसा लिहिला होता तसाच. “दोन रेघा. तातडीने पाहा. दोन रेघा.”

कुठेतरी ट्रॉलीचं एक चाक करकरत गेलं.

“हा कधीचा?” मोठ्या सिस्टरांनी विचारलं.

“त्याच दिवशीचा. सकाळचा. तुमच्यापर्यंत आलाच नाही, सिस्टर. माझ्याकडे अडकला. मी साहेबांसमोर म्हणालो, एक क्षणही बंद नव्हता. ते चुकीचं होतं. माझ्या स्क्रिप्टनं तुमचा रिपोर्ट बाजूला टाकला आणि मला पत्ता नाही.”

“नाही आला,” त्या म्हणाल्या. भाऊशी बोलत नव्हत्या. “नाहीच आला. मी म्हणत होते.”

“हो.”

“चारचौघं म्हणाले, आला. तुम्हीपण म्हणालात. मग मला आठवायलाच लागलं हो. पडद्यावर काहीतरी लुकलुकलं होतं, मी पाठ फिरवली होती, असं सगळं दिसायलाच लागलं मला. रात्री झोपेतही तेच दिसलं. डोळे गेले माझे, असं वाटलं. काल नवा चष्मा करून आणला मी, भाऊ.”

भाऊच्या हातातली फोनची तार ताणली गेली होती.

“सिस्टर, मी साहेबांना सांगितलंय. तुमचं लेखी परत घ्या. मी लिहून देतो, सगळ्यांसमोर सांगतो...”

“दार उघडा, भाऊ!” बाहेरून आता दोन-तीन आवाज येत होते.

“माझ्या वॉर्डाचे अजून आहेत?” मोठ्या सिस्टरांनी विचारलं. आवाज घट्ट झाला होता. त्यात माया नव्हती, माफीही नव्हती. होती ती वॉर्डात असते तशी शिस्त.

“आहेत.”

“मग थांबलात का?”

कागद ओढल्याचा आवाज आला. पेनाचं टोपण उघडलं.

भाऊनं पुढचं नाव वाचलं.